अमेरिकेचं आइस हॉकी हॉल ऑफ फेम एव्हेलेथमध्ये का आहे, आणि तिथे जाऊन काय पाहायचं?

मिनियापोलिसला राहणाऱ्या एका मराठी पालकांनी विचारलं आहे: मुलगी शाळेच्या संघातून आइस हॉकी खेळते, तिला उत्तर मिनेसोटातल्या एव्हेलेथचं संग्रहालय दाखवायचं आहे, पण घरात त्यावरून वाद चालू आहे. खरं हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचा मान करणारी संस्था, टोरोंटोला आहे ना? अमेरिकेचं म्हणून वेगळं असलंच तर ते इतक्या लहान गावात का? आणि मानकऱ्यांची निवड आणि सोहळा हल्ली तिथे होतच नाही, मग तिथे उरलं काय? शेवटी त्यांनी हेही विचारलं आहे, की मुलीच्या पहिल्या स्केट्स कशा जपायच्या.

मी मिनेसोटातच संग्रहालयांसाठी काम करते. वस्तूंची नोंद, जतन आणि मांडणी हा माझा व्यवसाय, आणि या राज्यात तो व्यवसाय केला की हॉकीचं सामान हाताखालून जातंच. तुमच्या प्रश्नांतला तिसरा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पण पहिले दोन सुटल्याशिवाय तो नीट कळणार नाही.

टोरोंटोचं आधी उरकते. तिथलं हॉकी हॉल ऑफ फेम १९४३ मध्ये स्थापन झालं आणि १९९३ पासून ते बँक ऑफ मॉन्ट्रियलच्या १८८५ सालच्या जुन्या इमारतीत आहे. स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएल या व्यावसायिक हॉकी लीगचा विजेता चषक, पाहायचा तर तिथेच जायचं. ते साऱ्या जगाच्या हॉकीचं आहे. खेळाडू कुठल्या देशाचा, हा तिथे प्रश्न नसतो. एव्हेलेथचं आहे ते युनायटेड स्टेट्स हॉकी हॉल ऑफ फेम, म्हणजे अमेरिकेत हा खेळ ज्यांनी खेळला, शिकवला, वाढवला त्यांचं. काही माणसं दोन्हीकडे आहेत. एव्हेलेथमध्येच जन्मलेले फ्रँक ब्रिमसेक आणि जॉन मॅरिउची ही त्यांतली दोन नावं. तेव्हा खरं कुठलं आणि दुय्यम कुठलं हा वाद सोडून द्या, दोन्हींचं काम वेगळं आहे.

आता गाव. एव्हेलेथची लोकसंख्या जेमतेम साडेतीन हजार. उत्तर मिनेसोटातल्या मेसाबी लोहपट्ट्यावर, डुलुथच्या उत्तरेला साधारण ६० मैलांवर ते वसलं आहे. या गावाचा जन्म खाणीमुळे, आणि स्थलांतरही खाणीमुळेच: मूळ वस्तीच्या खाली लोहखनिज सापडलं, तेव्हा १९०० च्या सुमारास घरंदारं उचलून वरच्या चढावर नेली. जमिनीवर खाणीचा हक्क पहिला, ही तिथली रीत आजही टिकून आहे. एव्हेलेथहून शेजारच्या व्हर्जिनिया गावाकडे जाताना ५३ क्रमांकाच्या महामार्गावर एक उंच नवा पूल लागतो. जुन्या रस्त्याखालचं खनिज काढण्याचा हक्क खाण कंपनीकडे होता, म्हणून रस्ताच हलवावा लागला आणि २०१७ मध्ये हा पूल खुला झाला.

खाणीत कामाला आलेले लोक स्लोव्हेनियन, क्रोएशियन, इटालियन, फिनिश, ग्रीक. भाषा एकमेकांना कळत नव्हत्या. हिवाळा मात्र सगळ्यांना सारखाच, उणे तीस अंशांपर्यंत उतरणारा, आणि बर्फ फुकट. १९२२ मध्ये गावाने हिप्पोड्रोम नावाची मोठी बंदिस्त रिंक, म्हणजे हॉकीचं बर्फाचं मैदान, उभी केली. शाळेचे प्रशिक्षक क्लिफ थॉम्पसन १९२० पासून १९५८ पर्यंत एकाच शाळेत शिकवत राहिले आणि त्यांच्या संघांनी ५३४ सामने जिंकले. मिनेसोटाची शालेय राज्य स्पर्धा १९४५ मध्ये पहिल्यांदा झाली ती एव्हेलेथने जिंकली. मग १९४८ ते १९५१ अशी सलग चार वर्षं पुन्हा हेच गाव. त्या चार वर्षांतले जॉन मायासिच आणि गोलरक्षक विलार्ड इकोला पुढे १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकणाऱ्या संघात होते, आणि त्या संघाचे प्रशिक्षक होते मॅरिउची. मायासिच १९६० च्या सुवर्णपदक विजेत्या संघातही खेळले.

गोलरक्षकांबद्दल थोडं जास्त सांगते. १९३८-३९ च्या हंगामात एनएचएलमध्ये सातच संघ होते, आणि त्यांपैकी दोघांचे मुख्य गोलरक्षक एव्हेलेथचे होते: बॉस्टनचे ब्रिमसेक आणि शिकागोचे माइक काराकस. त्या काळी एनएचएलमध्ये जवळपास सगळे खेळाडू कॅनडाचे असायचे, हे लक्षात घेतलं म्हणजे यातलं नवल कळेल. ब्रिमसेक यांना टायनी थॉम्पसन यांच्यासारख्या लोकप्रिय गोलरक्षकाच्या जागी घेतलं होतं, त्यामुळे बॉस्टनचे प्रेक्षक सुरुवातीला नाराज होते. ब्रिमसेक यांनी पहिल्या आठ सामन्यांपैकी सहांत एकही गोल होऊ दिला नाही. त्यावरून त्यांचं नावच ‘मिस्टर झीरो’ पडलं, आणि सर्वोत्तम गोलरक्षक व सर्वोत्तम नवोदित हे दोन्ही मान त्या एकाच वर्षी त्यांना मिळाले. तिसरे सॅम लोप्रेस्टी. ४ मार्च १९४१ ला ते शिकागोकडून खेळत होते, तेव्हा बॉस्टनने त्यांच्यावर ८३ फटके मारले. त्यांनी ८० अडवले, तरी सामना ३-२ असा हातचा गेला. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्यांचं जहाज टॉर्पेडोने बुडालं आणि ते ४२ दिवस जीवरक्षक होडीत तग धरून राहिले.

एवढं ऐकल्यावर ‘इथे का’ हे वेगळं सांगायला नको. तरीही निव्वळ इतिहासाच्या पुण्याईवर संग्रहालय उभं राहत नाही, कुणीतरी ते उभं करावं लागतं. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात गावातल्या नागरी संघटनेने ‘प्रोजेक्ट एच’ नावाची योजना हाती घेतली. तिचे पुढारी होते खाणउद्योगातले डी. केली कॅम्पबेल. उच्च प्रतीचं खनिज संपत आलं होतं, कमी लोहाच्या टॅकोनाइट दगडावर खाणी वळत होत्या आणि गावाला खाणीपलीकडची ओळख हवी होती. त्यांनी हॉकीच्या राष्ट्रीय संघटनेकडून मान्यता मिळवली, आणि २१ जून १९७३ ला संग्रहालय उघडलं. पहिल्याच वर्षी २५ जणांचा सन्मान झाला. ब्रिमसेक, काराकस, लोप्रेस्टी, मॅरिउची आणि प्रशिक्षक थॉम्पसन, ही गावाची माणसं त्यांत होतीच. पण प्रिन्स्टन विद्यापीठाचे खेळाडू होबी बेकरही होते, ज्यांचा या गावाशी काही संबंध नव्हता. नावं निवडताना गावाने देशाचाही विचार केला होता, हे मला फार आवडतं.

आता तुमचा तिसरा प्रश्न. सुरुवातीला निवड, सोहळा आणि संग्रहालय हे सगळं एव्हेलेथच पाहत होतं. साडेतीन हजार वस्तीच्या गावाला ते पेलणं अवघड होतं. तिकिटांवर अशी संस्था कुठेच चालत नाही, आणि मिनियापोलिसपासून सव्वातीन तासांवर तर नाहीच. २००७ मध्ये करार झाला: मानकरी निवडायचा आणि सोहळा करायचा अधिकार यूएसए हॉकी या राष्ट्रीय महासंघाकडे गेला, संग्रहालय मात्र एव्हेलेथमध्ये स्वतंत्र संस्था म्हणून राहिलं. तेव्हापासून सोहळा देशभर फिरतो. २००८ चा डेन्व्हरला झाला, त्या वर्षी कॅमी ग्रॅनाटो या पहिल्या महिला मानकरी ठरल्या. २००९ चा बॉस्टनला, तेव्हा १९९८ च्या पहिल्या महिला ऑलिंपिक स्पर्धेत सुवर्ण जिंकणारा सबंध संघ आणि बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र बनवणारे फ्रँक झांबोनी हे दोन्ही त्या यादीत गेले.

पुष्कळांना वाटतं, निवड गेली म्हणजे गावाचा मानच गेला. मला तसं वाटत नाही. नावांची यादी कुठेही करता येते. त्यासाठी समिती लागते, नियम लागतात, वर्षातून एक संध्याकाळ आणि एक मोठं सभागृह लागतं. वस्तूंचं तसं नसतं. त्यांना वर्षाचे ३६५ दिवस छप्पर, ठरावीक हवा, मंद उजेड आणि काळजी घेणारी माणसं लागतात. ही दोन कामं मुळातच वेगळी आहेत, आणि त्यांना लागणारी माणसंही वेगळी. महासंघाने आपलं काम नेलं, गावाने आपलं ठेवलं. हा करार मला त्या काळातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो, जरी तो पैशाच्या अडचणीतून आला असला तरी. एकच खंत आहे. नवे मानकरी सोहळ्याला दुसऱ्याच शहरात जातात, त्यामुळे आपली एखादी वस्तू एव्हेलेथला द्यावी हे त्यांना आपसूक सुचत नाही. संग्रहालयाला ती प्रत्येक वेळी मागावी लागते.

आणि मागणं सोपं राहिलेलं नाही, कारण आता बाजार समोर उभा आहे. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या विद्यार्थी खेळाडूंनी सोव्हिएत संघाला ४-३ ने हरवलं. विजयी गोल माइक एरुझियोनी यांचा, आणि त्यांच्याकडे पक (हॉकीतली चेंडूऐवजीची रबरी चकती) सरकवणारे मार्क पॅव्हेलिच एव्हेलेथचे. तो संघ २००३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. एरुझियोनी यांची त्या सामन्यातली जर्सी २०१३ मध्ये लिलावात साडेसहा लाख डॉलरहून जास्तीला विकली गेली. पॅव्हेलिच यांचं सुवर्णपदक २०१४ मध्ये अडीच लाखांहून जास्तीला गेलं. खेळाडूंनी आपल्या वस्तू विकल्या यात गैर काही नाही, वस्तू त्यांच्याच होत्या. पण एवढी रक्कम गावच्या संग्रहालयाने आणायची कुठून? म्हणून अशा संग्रहालयात जे दिसतं ते बहुतेक दानातून किंवा उसनं आलेलं असतं. दान असेल तर सहीचं दानपत्र हवं. उसनं असेल तर किती वर्षांसाठी, विमा कुणाचा, परत कधी, हे कागदावर हवं. दोन पिढ्यांनंतर नातू येऊन ‘आजोबांनी ही स्टिक फक्त दाखवायला दिली होती’ म्हणाला, तर कागदाशिवाय कुणाचंच चालत नाही. असे प्रसंग छोट्या संग्रहालयांत मी पाहिले आहेत आणि ते फार कडवट होतात.

हॉकीच्या वस्तू जपणं किती जिकिरीचं असतं हे बाहेरून दिसत नाही, म्हणून जरा जवळून दाखवते. गोलरक्षकाचं जुनं पायाचं पॅड घ्या. वरून चामडं, आत घोड्याचे किंवा हरणाचे केस, कापोक (कापसासारखा झाडाचा तंतू), नमदा. बर्फाचं पाणी आणि घाम पीत पीत ते सामना संपेपर्यंत जड होत जायचं, मग गरम खोलीत टांगून वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ऐंशी वर्षांनी असं पॅड टेबलावर आलं की आधी वास येतो. मग शिवणीजवळ हात लावला की हातमोज्याला तांबूस भुकटी लागते. वनस्पतींच्या सालीने कमावलेलं चामडं असं मरतं. आम्ल साठत जाऊन तंतू सुटतात, आणि एकदा सुटलेले तंतू पुन्हा जोडता येत नाहीत. तेल चोळून ते ‘मऊ’ करायचा मोह होतो, पण तेलाने धूळ चिकटते आणि चामडं काळवंडतं. आम्ही फक्त भुकटी धरून ठेवणारा पातळ लेप देतो आणि पॅड आतून आधार देऊन आडवं ठेवतो, म्हणजे स्वतःच्याच वजनाने शिवण फाटत नाही. नव्या पॅडचं दुखणं वेगळंच. त्यातला फोम काही दशकांत चिकट होतो आणि मग चुरा होऊन गळतो. १९३० चं पॅड १९८० च्या पॅडपेक्षा जास्त टिकलेलं मी पाहिलं आहे.

जर्सी कधीच धुवायची नाही. घामाचा पिवळा डाग, बाहीवर घासून उमटलेली पकची काळी रेघ, घाईत वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने मारलेली रफू, हाच तिचा पुरावा असतो. एखादी जर्सी त्या सामन्यातलीच आहे का, हे ठरवताना आम्ही जुने फोटो भिंगाखाली धरून रफूचा टाका न् टाका जुळवतो. आणि पक? पक म्हणजे व्हल्कनाइज केलेलं रबर, त्यातून गंधकाची संयुगं सावकाश बाहेर पडत राहतात. पक आणि चांदीचं पदक एकाच बंद काचपेटीत ठेवलं की पदक काळं पडतं. म्हणून नवी पेटी करायची तर तिचं लाकूड, रंग, कापड यांची आधी चाचणी होते: त्या सामानाचा तुकडा, चांदी, तांबं आणि शिशाच्या पट्ट्या आणि थोडं पाणी काचेच्या बंद नळीत घालून ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायचं. कुठली पट्टी गंजली किंवा काळवंडली तर ते सामान बाद.

त्यात मिनेसोटाचा हिवाळा. बाहेर उणे तीस आणि आत हीटर चालू असला की खोलीतली आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. लाकडी स्टिक वाकते, चामडं तडकतं. बरं, यंत्राने आर्द्रता पन्नास टक्क्यांवर न्यावी, तर ती वाफ गार भिंतींत शिरून तिथेच पाणी होते आणि इमारत कुजायला लागते. मग मधला मार्ग: हिवाळ्यात पस्तीस-चाळीस टक्क्यांवर समाधान मानायचं आणि बदल हळूहळू होईल इतकं पाहायचं. लोकरी जर्सीजवळचा उजेड पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास, म्हणजे मंदच ठेवतात, कारण उडालेला रंग परत येत नाही. तुमची मुलगी ‘इथे एवढा अंधार का’ म्हणाली तर तिला एवढं सांगा.

जायचं कसं: पस्तीस क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गाने उत्तरेला क्लोकेपर्यंत, तिथून ३३ आणि मग ५३. संग्रहालय ५३ च्या कडेलाच आहे आणि पत्त्यात रस्त्याचं नाव आहे हॅट ट्रिक अॅव्हेन्यू. हंगामाप्रमाणे उघडण्याचे दिवस आणि वेळा बदलतात, तेव्हा निघण्याआधी फोन करा. सव्वातीन तास गाडी चालवून बंद दार पाहायला नको.

आत गेल्यावर मानकऱ्यांचे फलक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायच्या भानगडीत पडू नका, मुलं कंटाळतात. मुलीला आधी महिला खेळाडूंकडे न्या. शाळांमध्ये मुलींच्या आइस हॉकीला अधिकृत खेळाचा दर्जा देणारं मिनेसोटा हे पहिलं राज्य, १९९४ मध्ये. नॅटली डार्विट्झ आणि क्रिसी वेंडेल या मिनेसोटाच्या दोघी २०१८ आणि २०१९ मध्ये मानकरी झाल्या आणि २०२४ मध्ये टोरोंटोच्या यादीतही गेल्या. मग जुनी गोलरक्षकाची साधनं आणि आजची साधनं एकापाठोपाठ पाहा. ब्रिमसेक, काराकस, लोप्रेस्टी हे तिघंही चेहऱ्यावर मास्क न लावता खेळत, हे तिला सांगून पाहा. जुनं झांबोनी यंत्र तर कुठल्याही वयाच्या पोराला आवडतंच.

तिथून गावात या. मुख्य रस्त्याजवळ ११० फूट लांबीची, सुमारे पाच टन वजनाची हॉकी स्टिक उभारली आहे. फोटो काढायला ठीक, पण मला विचाराल तर हिप्पोड्रोम तिच्याहून महत्त्वाचं. संग्रहालयात ज्यांची नावं वाचली ती माणसं याच इमारतीत घडली, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या रिंकपुढे उभं राहून ते आणखी नीट कळतं. वेळ असेल तर व्हर्जिनियाच्या बाजूला तो नवा पूल ओलांडून या. खाली दिसणारी खोल खाण पाहिली की गाव का हललं, रस्ता का हलला आणि इथल्या लोकांना न हलणारं काहीतरी का हवं होतं, याचा अंदाज येतो.

राहिल्या मुलीच्या स्केट्स. पाती कोरडी पुसा, त्यावर यंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि प्लास्टिकची किंवा रबराची कव्हरं काढून टाका, त्यांत ओल अडकते आणि पातं गंजतं. बुटात आम्लविरहित पातळ कागद चुरगाळून भरा, म्हणजे आकार टिकेल. वर्तमानपत्र भरू नका. प्लास्टिकच्या पिशवीऐवजी पुठ्ठ्याचा खोका वापरा. तो तळघरात किंवा माळ्यावर नको, घरात जिथे माणसं राहतात त्याच मजल्यावरच्या कपाटात ठेवा. लेस बदलू नका, मळलेली असली तरी तीच राहू द्या. आणि एका कागदावर पेन्सिलीने लिहून तो कागद खोक्यात टाका: मुलीचं नाव, वय, कोणती रिंक, कोणतं वर्ष, प्रशिक्षक कोण, आणि पहिल्या दिवशी ती किती वेळा पडली ते आठवत असेल तर तेही. नाव-गाव नसलेल्या स्केट्स माझ्याकडे कितीतरी येतात, आणि त्यांच्याबद्दल कुणालाच काही सांगता येत नाही.